निलगिरीचं रॅक इंजिन: पिनियन दातेरी पट्टीत शिरतं कसं? मॉडेलसाठी मदत हवी

होटगी_मीटरगेज (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सोलापुरातल्या एका तंत्रनिकेतनाची मुलं मेट्टुपालयम–उदगमंडलम (उटी) मार्गावरच्या रॅक इंजिनाचं चालतं मॉडेल करतायत. म्हणजे रुळांच्या मधल्या दातेरी पट्टीत (रॅक) दातेरी चाक (पिनियन) अडकवून चढणारं इंजिन. प्रमाण 1:8, म्हणजे मीटरगेजचं 125 मिमी. फळी 2 मीटर लांब, चढ 12 ला 1. वाफ नाही, आत विजेची मोटर बसवायची. पट्ट्या आणि पिनियन अक्कलकोट रोड एमआयडीसीत लेझरवर कापून मिळतील.

अडलंय ते इथं:

साध्या रुळावरून गाडी दातेरी पट्टीवर येते तेव्हा दात दातावर चढू नये म्हणून काय करतात? आब्ट पद्धतीत दोन पट्ट्या शेजारी शेजारी आणि दात मागंपुढं का ठेवतात? मूळ इंजिनाला चार सिलिंडर कशाला? आणि उतरताना एवढं वजन धरतं कोण? प्रदर्शनात परीक्षक हेच विचारणार. "माथेरानला पण असंच असतं ना" असं मुलांना कुणीतरी सांगून ठेवलंय, तेही एकदा निकाली काढा.

पिनियन_२२

माथेरानचं आधी. तिथं दात नाहीत. नेरळ–माथेरान दोन फुटी गेज, चढ 20 ला 1 पर्यंत, सगळं काम चाक आणि रुळाच्या घर्षणावर. बोरघाटात 37 ला 1, तिथंही घर्षणच. सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईहून येताना कर्जतला मागं बँकर (ढकलणारी जादा इंजिनं) लागतात ते त्यासाठी. भारतात दातेरी रूळ फक्त निलगिरीला, तोही कल्लार ते कुन्नूर एवढ्याच टप्प्यात. कुन्नूरच्या पुढं उटीपर्यंत पुन्हा साधा रूळ.

दात का लागतात ते मुलांना आकड्यात दाखवा. सोपं जावं म्हणून इंजिन आणि डबे मिळून 100 टन धरा. 12 ला 1 चढावर नुसतं उताराचं ओझं 8.3 टन. वळणं आणि बेअरिंगचा विरोध मिळवला की साडेनऊच्या आसपास. चालत्या चाकांवर 40 टन वजन असेल तर कोरड्या रुळावर पकड मिळते पावपट, 10 टन. म्हणजे काठावर पास. धुकं आलं, रूळ ओला झाला, पानं चिकटली की पकड दहा टक्क्यांवर येते आणि हातात उरतात 4 टन. बाकीचं दातांनी ओढायचं.

आता दोन पट्ट्या. आब्टमध्ये एका पट्टीच्या दोन दातांतलं अंतर साधारण 120 मिमी. दुसरी पट्टी अर्ध्या अंतराने, 60 मिमी सरकवलेली. पिनियनच्याही दोन चकत्या, त्याही अर्ध्या दाताने फिरवलेल्या. एका चकतीचा दात सुटत असतो तेव्हा दुसरीचा पूर्ण धरलेला असतो, त्यामुळे धक्का बसत नाही. 13 किमी वेगाला एका पट्टीवर सेकंदाला 30 दात जातात, दोन्ही मिळून 60. एकच पट्टी असती तर डब्यात बसवलं नसतं. दुसरा फायदा देखभालीचा: दोन पट्ट्यांचे सांधे वेगवेगळ्या जागी ठेवता येतात, म्हणून सांध्यावर फट वाढली तरी शेजारची पट्टी भार घेते.

तुमच्या मॉडेलसाठी: 120 भागिले 8 म्हणजे 15 मिमी पिच (दोन दातांतलं अंतर). पण त्याचं मॉड्यूल (पिच भागिले पाय, दाताचं ठरीव माप) 4.77 येतं आणि त्याचं कटर बाजारात मिळत नाही. सरळ मॉड्यूल 5 घ्या. पिच 15.7, दाताची खोली 11.25, 22 दाती पिनियनचा पिच व्यास 110 आणि बाहेरचा 120 मिमी. लेझरची कड खाली थोडी तिरकी जाते, म्हणून 4 मिमीच्या वर जाड पत्रा घेऊ नका.

चकत्या अर्ध्या दाताने फिरवायला 8.18 अंश मोजत बसू नका. दोन्ही चकत्या हुबेहूब सारख्या कापा, मधे चार बोल्टची भोकं बरोबर 90 अंशांवर. 22 ला 4 ने भागलं की साडेपाच. म्हणजे दुसरी चकती एक भोक पुढं फिरवून बसवली की आपोआप अर्धा दात सरकते. 20 किंवा 24 दात घेतले तर हे जमत नाही, पूर्ण दातावर दात येतो. मात्र दोन्ही चकत्यांची एकच बाजू वर ठेवा, उलटी बसवू नका.

शिरण्याबद्दल. पट्टीचं टोक स्लीपरला घट्ट नसतं. सुरुवातीचा तुकडा बिजागरीवर असतो, खाली स्प्रिंग, आणि पहिले दात बुटके. पुढं पुढं उंची वाढत जाते. दात दातावर आलाच तर तुकडा खाली दबतो, दोनतीन दातांत पिनियन जागा धरतं आणि तुकडा वर येतो. मॉडेलला 220 मिमीचा तुकडा करा, बिजागरी रॅकच्या बाजूला, मोकळं टोक 6 मिमी दबेल इतपतच मऊ स्प्रिंग. पहिले पाच दात कानशीने उतरवा: पहिला जवळजवळ साफ, पाचवा पूर्ण. दातांचे माथे थोडे गोल करा. स्प्रिंग फार कडक ठेवली तर गाडीच उचलली जाते आणि पुढची चाकं रूळ सोडतात. मॉडेलमध्ये हमखास बिघडतं ते इथंच.

आणि एक: पिनियन आधीच फिरत असलं पाहिजे. थांबलेलं पिनियन आत ढकललं तर स्प्रिंगही वाचवत नाही.

काच_तपासा

बॉयलरच्या बाजूचं मी लिहितो. वरच्या पोस्टमधलं शेवटचं वाक्य चार सिलिंडरच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे.

निलगिरीची मूळ एक्स वर्गाची इंजिनं स्वित्झर्लंडच्या विंटरथूर कारखान्याची. आठ चाकं जोडलेली, मागं दोन आधाराची. एका बॉयलरवर ही दोन इंजिनं आहेत असं समजा. उच्च दाबाचे दोन सिलिंडर साध्या चाकांना, कमी दाबाचे दोन पिनियनला. साध्या रुळावर फक्त पहिली जोडी चालते आणि तिची वाफ थेट चिमणीत जाते. रॅक आला की ड्रायव्हर झडप फिरवतो, पहिल्या जोडीची वापरलेली वाफ दुसऱ्या जोडीत जाते आणि पिनियन फिरू लागतं. तेच ते "आधीच फिरतं पिनियन".

यात एक फार सुंदर गोष्ट आहे, परीक्षकांना ती नक्की सांगा. ओल्या रुळावर साधी चाकं घसरून गरगरली, तर पहिली जोडी जास्त वाफ पुढं ढकलते. मधल्या नळीत दाब वाढतो. त्या दाबाने दुसरी जोडी पिनियनवर जास्त जोर लावते, आणि तोच दाब पहिल्या जोडीच्या पिस्टनला मागून अडवतो. घसरण आपोआप थांबते, ड्रायव्हरने हात लावायच्या आधी. चाकं आणि पिनियन एकाच शाफ्टवर दाबून बसवली असती तर हे झालं नसतं. शिवाय चाकाचा टायर (बाहेरची पोलादी कडी) झिजतो आणि व्यास कमी होतो, पिनियनचा पिच व्यास मात्र तोच राहतो. दोघं एकाच शाफ्टवर असतील तर प्रत्येक फेरीत कुणीतरी घासत जाणारच.

यात बिघडतं कुठं? पायथ्याच्या टप्प्यात कमी दाबाचे सिलिंडर थंड पडून असतात. गरम वाफ आत गेली की पाणी होतं. पाणी दाबलं जात नाही, पिस्टन टोकाला गेला की सिलिंडरचं झाकण फुटू शकतं. म्हणून रॅकच्या आधी सिलिंडरचे कॉक (पाणी काढायच्या तोट्या) उघडायचे, थोडी वाफ सोडून सिलिंडर तापवायचे, कॉकमधून पाणी थांबून कोरडी वाफ येऊ लागली की बंद करायचे. साखर कारखान्यात टर्बाइन चालू करताना लाइन तापवतात, अगदी तोच नियम.

पाण्याची पातळी हा वेगळा विषय, पण चढावर माणसं फसतात ती यातच. बॉयलर 4 मीटर लांब धरा. 12 ला 1 उतारावर दोन टोकांच्या पाण्यात 33 सेंटिमीटर फरक पडतो. पाण्याची पातळी दाखवणारी काच असते फायरबॉक्सच्या (आगीच्या पेटीच्या) टोकाला. फायरबॉक्स खालच्या बाजूला असेल तर चढावर काच भरलेली दिसते आणि स्टेशनच्या सपाटीवर आल्यावर पाणी एकदम गायब. फायरबॉक्स वरच्या बाजूला असेल तर उलटं, चढावरच त्याचं छत उघडं पडायची भीती. छत कोरडं पडलं की शिशाचा प्लग वितळतो आणि वाफ आगीवर येते. प्लग बुजलेला असेल तर छतच खाली येतं. म्हणून काचेवर "सपाटीला इतकं, चढावर इतकं" अशा दोन खुणा डोक्यात ठेवूनच पाणी घालायचं. वेल्समधल्या स्नोडनसारख्या जास्त खड्या मार्गावर म्हणूनच बॉयलरच तिरका बसवतात, चढावर तो सपाट होतो.

मॉडेलमध्ये हे फुकटात दाखवता येतं. पारदर्शक नळीत रंगीत पाणी अर्धं भरून, दोन्ही टोकं बंद करून बॉयलरच्या जागी ठेवा. गाडी चढावर आली की सगळं स्वतःच सांगते.

कल्लार_खाली

उतरतानाचं राहिलं. चढण्यापेक्षा तेच अवघड.

कल्लार 405 मीटरवर, कुन्नूर 1712. तेच 100 टन घेतले तर एवढ्या उतारात सुमारे 350 युनिट वीज होईल इतकी ऊर्जा कुठंतरी जिरवावी लागते. महावितरणच्या बिलावर आकडा बघा म्हणजे अंदाज येईल. ही सगळी उष्णता ब्रेकच्या ठोकळ्यांत गेली तर ठोकळे चकचकीत होऊन पकड सोडतात, टायर तापून फुगतो आणि चाकाच्या रिंगवर सैल होऊन फिरतो. म्हणून लाकडी किंवा लोखंडी ठोकळ्यावर भरवसा ठेवून कुणी उतरत नाही.

उतरताना सिलिंडरच कॉम्प्रेसर होतो. वाफ बंद, रिव्हर्सर (दिशा बदलायचा दांडा) उलट दिशेला, चिमणीकडचा मार्ग बंद करून बाहेरची स्वच्छ हवा आत घ्यायची. हा मार्ग बंद करायला विसरलं तर धुराडीतली राख सिलिंडरमध्ये ओढली जाते आणि आतून ओरखडे पडतात. पिस्टन हवा दाबतो, ती एका छोट्या झडपेतून सोडायची. झडप आवळली की गाडी मंद, सैल केली की जलद. हवा दाबली की तापते, म्हणून सिलिंडरमध्ये थोडं पाणी फवारत राहायचं. ते वाफ होऊन नळीतून बाहेर पडतं. उतरत्या गाडीतून फुसफुस वाफ दिसते ती हीच. बघणाऱ्याला वाटतं इंजिन जोर लावतंय. पाणी कमी पडलं तर सिलिंडरचं तेल जळून कोळसा होतं आणि पॅकिंग जातं. स्विस अभियंता रिगेनबाखची ही युक्ती.

शिवाय हातब्रेक, व्हॅक्यूम ब्रेक, पिनियनवरचा ब्रेक हे सगळं वेगळं, आणि डब्यांवर ब्रेकमन. रॅकवर इंजिन कायम खालच्या टोकाला असतं, चढताना मागून ढकलतं. कपलिंग तुटली तरी डबे इंजिनावर टेकतात, खाली सुटत नाहीत. समोरचं ड्रायव्हरला दिसत नाही म्हणून पुढच्या डब्यावरचा ब्रेकमन झेंडी दाखवतो. मॉडेलमध्ये इंजिन वरच्या टोकाला जोडून ओढत नेलं तर जाणकार लगेच बोट ठेवतील.

होटगी_मीटरगेज

मालक, तुम्ही सगळ्यांनी तर अख्खा तास घेतला. 22 दात आणि 4 बोल्टचा हिशेब मुलांनी पुठ्ठ्यावर कापून पाहिला, बरोबर अर्धा दात सरकतो.

दोन गोष्टी अजून. मोटर कोणती? आणि पिनियन पट्टीत किती खोल बसवायचं?

पिनियन_२२

गाडी 20 किलोची धरा. चढाला पावणेदोन किलो, घर्षण धरून अडीच किलो ओढ. पिनियनची त्रिज्या 55 मिमी, म्हणजे साधारण 14 किलो-सेंटिमीटर टॉर्क. कारची जुनी वायपर मोटर भंगार बाजारात मिळते, तिला हे सहज झेपतं. मिनिटाला 45 फेऱ्या धरल्या तर सेकंदाला 26 सेंटिमीटर, म्हणजे दीड मीटरचा रॅक सहा सेकंदांत. प्रदर्शनाला हे जलद वाटेल, 12 ऐवजी 6 व्होल्टवर चालवा. वायपर मोटरला वर्म गिअर असतो, तो उलटा फिरत नाही. वीज गेली तरी गाडी घसरणार नाही. मात्र हवेच्या ब्रेकने उतरवणं त्यावर दाखवता येणार नाही, त्यासाठी पिनियन क्लचने सुटं करावं लागेल.

खोलीबद्दल: दाताच्या बुडाशी दीड मिमी मोकळं ठेवा. पिनियन 1 मिमी वर उचललं की दातांतली ढील साधारण पाऊण मिमीने वाढते. पिनियनचा शाफ्ट गाडीच्या स्प्रिंगवर तरंगत्या चौकटीला लावू नका, गाडी डुलली की दात आतबाहेर होतात. खऱ्या इंजिनातही पिनियनची चौकट थेट ॲक्सलवर बसवलेली असते. दोन्ही टोकांना पत्र्याच्या पातळ चकत्या घालायची सोय ठेवा, चाक झिजलं की चकती बदलून उंची जुळवता येते.

कल्लार_खाली

एक राहिलं. ग्रीस दातांवरच लावा आणि ब्रशनेच. स्प्रेने मारलं तर रुळावर उडतं आणि पायथ्याचा साधा टप्पाच गाडी चढत नाही. दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत खडा अडकतो, तेवढं प्रत्येक फेरीआधी तारेने साफ करा.