मदत हवी आहे: गेमिंगसाठी १६ जीबी रॅम पुरेल की ३२ घ्यावी?

मंडळी, लहान भावाच्या पीसीसाठी सल्ला हवाय. प्रोसेसर रायझन ५ ५६००जी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही (प्रोसेसरच्या आतलंच ग्राफिक्स वापरतो), आणि रॅमची ८ जीबीची एकच डीडीआर४ स्टिक. जीटीए ५ चालतो, पण मागे क्रोम आणि डिस्कॉर्ड उघडे असले की गाडी वळवताना चित्र मध्येच थिजतं. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी जवळजवळ भरलेली दिसते. त्यात २ जीबी तर आतल्या ग्राफिक्सनेच राखून ठेवलीय, म्हणजे विंडोज आणि गेम मिळून सहाच उरतात.

बर्डीवरचे एक दुकानदार म्हणाले, थेट ३२ घ्या. मला ते पटत नाही. सायबरपंक २०७७ सारख्या जड गेमलाही शिफारस १६ जीबीची आहे. उरलेले पैसे पुढे ग्राफिक्स कार्डात घातलेले बरे.

खरा पेच असा, की जुनी स्टिक २६६६ मेगाहर्ट्झ वेगाची आहे. तिच्या जोडीला दुसऱ्या कंपनीची ३२०० वाली लावली, तर ड्युअल चॅनल (दोन्ही स्टिक एकत्र काम करणं) मिळेल, पण दोन्ही २६६६ वरच चालतील ना? आतल्या ग्राफिक्सला रॅमचा वेग लागतो, म्हणून जीव अडकलाय. की जुनी विकून ८-८ ची नवी जोडीच घ्यावी? असा सेटअप कोणी वापरत असेल तर नक्की सांगा. भावाची परीक्षा संपायच्या आत लावून द्यायची आहे.