भिंतीवरची 'रात्र': घुबड ठेवायचं का गाळायचं?

निळाई: गावच्या वाचनालयाच्या पश्चिमेच्या भिंतीवर, 10 बाय 6 फुटांत, 'रात्र' बाईच्या रूपात काढायचं ठरतंय. नमुना इटलीच्या शिल्पकार मायकेलअँजेलोच्या 'रात्र' या निजलेल्या बाईच्या पुतळ्याचा, फ्लॉरेन्सच्या मेदिची चॅपेलमधला (चॅपेल म्हणजे छोटं प्रार्थनाघर): डोक्यावर चंद्रकोर, पायापाशी घुबड आणि अफूची बोंडं. काही जण म्हणतात घुबड नको. माझं मत, ठेवा. रात्रीच्या या खुणा गाळल्या तर उरते नुसती निजलेली बाई.

वावरातला: काहून पाहिजे घुबड? वाचनालयाच्या दारात दिसलं तर आठ दिवसांत कोणीतरी त्यावर चुना फिरवन. आपल्याकडं ऋग्वेदात रात्रीचं सूक्तच आहे, 10 वं मंडल, 127 वं. ती आली की पाखरं घरट्यात जातात, लांडगा अन् चोर दूर ठेव म्हणून तिला विनवतात, पहाट तिची बहीण. भेवाची नाही, राखणीची बाई आहे ते. तिच्या पदराखाली तुरीचं वावर, राखणीचा माळा अन् रातभर राखण करणारा जागलीचा माणूस काढा.

निळाई: मग ते जागलीचं चित्र होईल, रात्रीचं नाही. बाई पाच फुटांची असेल तर माळा वीतभर, त्याहून मोठा नको. कंदिलाचा ठिपका एकच. आणि घुबड लक्ष्मीचं वाहन चालतं, ते भिंतीवर का चालत नाही?

पुट्टीवाला: अहो, आधी भिंत पाहा. बोट फिरवून पांढरं लागलं तर जुना चुना आहे. तो खरवडल्याशिवाय वर प्रायमर-इमल्शन मारलं की उन्हाळ्यात पापुद्रे सुटतात. नवं प्लास्टर असेल तर 28 दिवस थांबा. चुन्यातच रंगवणार असाल तर प्रशियन ब्लू अजिबात नको, चुन्याच्या खारानं तो तपकिरी पडतो. अल्ट्रामरीन हा निळा टिकतो, कपड्याच्या निळीची पूड बहुधा तोच. तीन भाग अल्ट्रामरीन, एक भाग बर्न्ट अंबर (गडद तपकिरी मातीरंग), एवढ्यात रात्र येते. निव्वळ काळा फक्त केसांत आणि पदराच्या खोल घड्यांत. ऑइलपेंट नको, संध्याकाळचं ऊन थेट पडलं की चकाकीत चेहराच दिसत नाही.

आणि भिंतीच्या खालच्या दीड फुटाला लोणा, म्हणजे ओलीनं येणारा खार, लागतो. तिथं गेरूचा पट्टा मारून सोडा. पायाशी अफूची बोंडं काढली तर पहिल्या पावसाळ्यात तीच आधी गळतील.

वावरातला: घ्या! म्हणजे घुबडही गेलं.

निळाई: गेलं कसं? वर घेतो, पदराच्या घडीत. पिवळे डोळे लोकांना खुपत असतील तर मिटलेले काढू.

वावरातला: घुबडानं डोळे मिटले म्हणजे दिवस उगवला, भाऊ. मग बाईचं नाव बदलावं लागन.