स्वस्त बोल्ट ॲक्शन म्हणजे ‘दोन सीझन वापरा आणि फेका’?

कानसवाला

काल एकाने ठणकावून लिहिलंय की स्वस्तातली बोल्ट ॲक्शन (प्रत्येक गोळीला हाताने बोल्ट मागेपुढे करायची रायफल) घेणाऱ्याला शिकारीची कदरच नाही, असली रायफल दोन सीझनमध्ये खिळखिळी होते, त्यापेक्षा थांबा, पैसे साठवा आणि एकदाच चांगली घ्या. खाली सगळ्यांचं सहमत, सहमत. डोकं फिरलं वाचून, म्हणून सविस्तर लिहितोय.

लोकांच्या रायफली उघडून दुरुस्त करण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय. स्वस्त रायफल स्वस्त कशामुळे होते ते आधी समजून घ्या. नळी वाईट असते म्हणून नाही. सॅव्हेज कंपनीने १९५८ साली ११० ही रायफल काढली तेव्हा नळी बसवायला नट वापरला. नळी रिसीव्हरमध्ये (बोल्ट ज्यात सरकतो तो सांगाडा) फिरवायची, चेंबरमध्ये (काडतूस बसतं ती जागा) मापाचं गेज ठेवून बोल्ट जिथे बरोबर बंद होतो तिथे थांबायचं, नट आवळायचा, विषय संपला. हेडस्पेससाठी, म्हणजे बोल्टच्या तोंडापासून काडतूस जिथे अडतं तिथपर्यंतच्या अंतरासाठी, कारागिराला घासत बसायला नको. पैसा तिथे वाचला, आणि हेडस्पेस हाताने घासून बसवलेल्या रायफलीइतकाच चोख. रुगर अमेरिकन २०१२ ला आली, तिच्यात रिसीव्हर स्टॉकमध्ये (दस्त्यात) बसवलेल्या धातूच्या व्ही आकाराच्या ठोकळ्यांवर टेकतो. हेच बेडिंग (रिसीव्हर स्टॉकमध्ये न हलेल असा बसवणं) करायला पूर्वी आम्ही इपॉक्सी ओतून रात्रभर वाट बघायचो. बोल्टला तीन लग (त्याला लॉक करणारे दात), उचलायचा फक्त ७० अंश, त्यामुळे मोठी स्कोप (वरची दुर्बीण) असली तरी बोटं तिच्यावर आपटत नाहीत. ट्रिगर, म्हणजे चाप ओढायला लागणारा जोर, ३ ते ५ पौंडांच्या मध्ये घरच्या घरी लावता येतो.

आणि ट्रिगरवरून आठवलं, महागड्या कंपन्या कोर्टकचेरीच्या भीतीने दगडासारखे ट्रिगर देत होत्या तेव्हा २००३ च्या सुमारास सॅव्हेजने ॲक्यूट्रिगर आणला, मधलं ते पातं दाबल्याशिवाय चाप सुटत नाही म्हणून हलका करूनही सुरक्षित. पुढे किती जणांनी ती कल्पना उचलली बघा. म्हणजे सुधारणा स्वस्तवाल्यांकडून वर गेली, वरून खाली आली नाही.

रेमिंग्टन ७८८ तर विसरूच नका. १९६७ ते १९८३, कंपनीचा स्वस्त माल, लग मागच्या बाजूला, दिसायला ओबडधोबड, आणि नेमाला इतकी पक्की की लोक अजून शोधत फिरतात. स्वस्त घ्या, वाचलेल्या पैशाची काडतुसं घ्या आणि ती उडवा. नेम सरावाने बसतो, लाकडावरच्या पॉलिशने बसत नाही.

जुना_नेमबाज

कानसवाले, नळीबद्दल कोण काय बोललं? नळ्या सगळ्यांच्याच बऱ्या असतात आता, संगणकावर चालणारी सीएनसी यंत्रं आल्यापासून. प्रश्न बाकीच्या रायफलीचा आहे.

तुमच्या त्या लाडक्या रायफलींचा पुढचा स्टॉक आणि नळी एका मुठीत धरून आवळा. टेकतो की नाही नळीला? बायपॉड (पुढे लावायचे दोन पाय) लावून जरा अंग पुढे टाकलं की नळीवर दाब, आणि गोळी भलतीकडे. बाकावर वाळूच्या पिशवीवर ठेवून कागद भोसकणाऱ्याला हे कळत नाही, रानात झाडाला टेकून नेम धरणाऱ्याला कळतं.

मॅगझिनचं सांगतो. कंपनीचं नाव घेत नाही. भाच्याने अशीच एक हौसेने घेतली. पहाटेपासून बसलेलो, थंडीने बोटं बधिर, सांबरासारखं मोठं जनावर ऐंशी यार्डांवर आडवं उभं. पोराने बोल्ट ओढला आणि मॅगझिन खाली पाचोळ्यात. मॅगझिनची प्लास्टिकची खिट्टी तुटलेली, काडतुसं विखुरलेली. जनावर काय थांबतंय? पोरगा रडकुंडीला आला होता. ही बचत?

आणि रेमिंग्टन ७८८ चं उदाहरण देता तर ७१० चंही द्या की. २००१ ची. बोल्ट थेट नळीत लॉक होतो आणि रिसीव्हरच्या आत प्लास्टिकचं अस्तर. बोल्ट ओढताना कशी खरखरते ते मी इथे लिहून सांगू शकत नाही. माझ्याकडे १९६४ च्या आधीची विंचेस्टर ७० आहे. माउझरसारखा लांब पंजाचा एक्स्ट्रॅक्टर (काडतूस धरून बाहेर ओढणारा भाग), काडतूस मॅगझिनमधून निघतानाच पकडतो, हातात उलटी धरली तरी सोडत नाही. तीन टप्प्यांची सेफ्टी, मधल्या टप्प्यात चाप बंद पण बोल्ट उघडतो. जिवावर बेतेल अशा वेळी मला हे हवं.

रानवारा

तीन टप्प्यांची सेफ्टी हा मुद्दा बरोबर आहे पण तो महागड्यांच्या बाजूने कसा काय जातो? रेमिंग्टन ७०० घ्या, १९६२ पासूनची, तुमच्या पिढीची चांगली रायफल. १९८२ पर्यंत तिची सेफ्टी लावली की बोल्ट लॉक व्हायचा. म्हणजे चेंबरमधलं काडतूस काढायचं तर आधी सेफ्टी काढा! भरलेली रायफल, थकलेला माणूस, दिवस संपलेला, आसपास मंडळी, आणि नेमक्या त्याच वेळी सेफ्टी ‘फायर’ वर. याउलट रुगर अमेरिकनची सेफ्टी अंगठ्याखाली आहे आणि ती लावलेली असताना बोल्ट उघडता येतो. कुठली रायफल ‘कदर नसलेल्यांची’ म्हणायची?

पुढे २०१४ मध्ये कंपनीने त्याच ७०० चे एक्स-मार्क प्रो ट्रिगर परत मागवले, मे २००६ ते एप्रिल २०१४ मधले. जोडणीत चिकटवणारं रसायन जास्त लागलं होतं आणि त्यामुळे चाप न ओढताच गोळी सुटू शकत होती.

जुना_नेमबाज

आलं का पुन्हा ७०० चं रडगाणं. अहो, निम्म्या रायफलींचे ट्रिगर मालकानेच स्क्रू फिरवून बिघडवलेले असतात. कुणी त्यात वर्षानुवर्षं तेल ओततं, ते चिकट होऊन डिंक होतो, आणि मग कंपनीला शिव्या. ट्रिगरमध्ये तेल ओतू नये एवढं तरी शिका आधी.

रानवारा

साहेब, मालकाने छेडछाड केलेले असतीलही. पण बोल्ट लॉक मालकाने बसवला नव्हता. आणि २००६ ते १४ मधलं रसायनही मालकाने लावलेलं नाही. उगाच विषय फिरवू नका.

पाणकोंबडी

मी या सेफ्टीच्या विषयावर सहसा लिहीत नाही पण आता राहवत नाही. माझ्या सासऱ्यांची रायफल होती, रेमिंग्टन नव्हे, दुसरीच कंपनी, पण त्या काळातली भारी. संध्याकाळी सगळे परत आलो, ते गाडीपाशी काडतूस काढायला उभे राहिले, सेफ्टी पुढे सरकवली आणि बार झाला. चापाला बोट नव्हतं, मी समोरून बघत होते, त्यांचा हात बोल्टच्या मुठीवर होता. नळी जमिनीकडे होती म्हणून आज हे लिहितेय. माझ्या मुलीपासून तीन-चार पावलांवर जमिनीत खड्डा पडला, माती तिच्या बुटांवर उडाली. सासऱ्यांनी त्यानंतर ती रायफल हातात धरली नाही.

तेव्हापासून माझी एकच अट. सेफ्टी लावलेली असताना बोल्ट उघडला पाहिजे. किंमत, लाकूड, पंजा, हे सगळं नंतर. आणि ‘छेडछाड केली असेल’ म्हणू नका, सासरे स्क्रूला हात लावणाऱ्यांतले नव्हते.

जुना_नेमबाज

ताई, तुमच्या मुलीला काही झालं नाही हे फार मोठं. तुमच्या सासऱ्यांना उद्देशून मी बोललो नव्हतो. नळी जमिनीकडे होती म्हणजे माणूस शिस्तीचा होता, आणि शेवटी वाचवलं ते शिस्तीनेच, हे मी म्हणणार.

पाणकोंबडी

शिस्तीने वाचवलं, मान्य. पण शिस्तीची परीक्षा रायफलीने का घ्यावी? दोन्ही हव्यात ना.

दुर्बीणवाला

तुम्ही सगळे सेफ्टीत अडकलात आणि खरा चोर सुटला. स्कोप! स्वस्त रायफलीवर कंपनीच जी स्कोप बसवून पाठवते ती काढून टाका. निम्म्या लोकांचा ‘रायफल नेम धरत नाही’ हा गैरसमज तिथून येतो. नेम सरकवायला चार क्लिक फिरवा, काहीच हलत नाही, अजून दोन फिरवा, एकदम सगळ्या क्लिका एकत्र हलतात. संध्याकाळी प्रकाश कमी झाला की आत नुसतं धुकं. माउंटचे स्क्रू तर कारखान्यातूनच सैल येतात, टॉर्क रेंच (मोजून आवळायचा पाना) नसेल तर निदान हाताने तपासा. मी ओळखीतल्यांच्या कितीतरी ‘खराब’ रायफली नुसते स्क्रू काढून, तेल पुसून, परत आवळून दुरुस्त केल्यात आणि कुणी आभारही मानत नाही.

कानसवाला

दुर्बीणवाल्यांशी सहमत, आणि माझा वाचलेला पैसा तिथेच जाऊ दे म्हणतोय मी.

पण नेमबाज, नेमाचं बोलायचं तर नीट बोलू. सगळे फोटो टाकतात तो तीन गोळ्यांचा ग्रुप (भोकं किती जवळजवळ पडली ते), १०० यार्डांवर एका इंचात. स्वस्तवाले टाकतात, महागडेवाले त्याहून जास्त टाकतात. तीन गोळ्यांवरून काही कळत नाही. तीच रायफल, तीच काडतुसं, दहा गोळ्या मारा, ग्रुप सरासरी दीडपटीहून थोडा जास्तच होतो, हे साधं गणित आहे, रायफल कुणाचीही असो. म्हणजे एक इंचवाली खरी दीड इंचाची. २०० यार्डांवर तीन इंच. हरणाच्या छातीत मर्माची जागा सहा-आठ इंच तरी असते. मग अर्ध्या इंचाचा फरक जनावराला कळतो की मालकाला? बसून किंवा उभ्याने मारताना माणसाचाच हात त्याच्या कितीतरी पट हलतो.

तुमच्या स्टॉकच्या मुद्द्याला मात्र उत्तर नाही, तो खरा आहे. पुढचा भाग लवचिक असतो. मी आतल्या कप्प्यांत इपॉक्सीबरोबर कार्बनची नळी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी बसवून देतो, एका संध्याकाळचं काम. पण सगळ्यांना हे जमत नाही आणि कंपनीने हे करूनच द्यायला हवं होतं.

जुना_नेमबाज

चला, एवढं तरी कबूल केलंत. आता माझंही ऐका. ग्रुपचं गणित मला ठाऊक आहे, मी कधी त्यावर भांडलोच नाही. रुगर अमेरिकन मी मित्राची चालवली आहे. बोल्ट सुरुवातीला अडखळतो, नंतर बरा होतो. ट्रिगर चांगला आहे, मला तो चांगला निघेल असं वाटलं नव्हतं. ७१० आणि ही एका तराजूत घालू नये, ते मागे घेतो.

पण पातळ नळी चार गोळ्यांत तापते आणि गोळ्या वर सरकायला लागतात, हलकी असल्यामुळे धक्का खांद्यात बसतो, आणि धक्क्याला घाबरलेला नवशिक्या डोळे मिटून चाप ओढतो. तुमचा ‘काडतुसं घ्या आणि उडवा’ हा सल्ला त्याच्या कामाचा नाही. त्याने जरा वजनदार रायफल घ्यावी, वापरलेली घ्यावी, पण दमाची घ्यावी. जुनी होवा १५०० मिळते, तीन टप्प्यांची सेफ्टी मात्र तिच्या अलीकडच्या रायफलींतच आली.

रानवारा

वापरलेली घ्या म्हणताय, म्हणजे नळी किती घासलीय कोण बघणार? नवशिक्या? आणि टिक्का टी३ ला सगळे देव मानतात, तिचंही मॅगझिन प्लास्टिकचंच आहे आणि लांब-आखूड काडतुसाला ॲक्शनची (बोल्ट-रिसीव्हरची) लांबी एकच. तिथे कुणी ‘फेका’ म्हणत नाही. तुमच्या मनात किंमतच जास्त भरली आहे.

जुना_नेमबाज

टिक्काचं मॅगझिन मी अजून तुटलेलं पाहिलं नाही. प्लास्टिक प्लास्टिकमध्ये फरक असतो. यावर मी बदलणार नाही.

कोवळा_नेम

मी पहिलीच रायफल घेतोय, सगळं वाचून जास्त गोंधळलो. .३०८ काडतुसाची घेऊ का? आणि दुकानात उभ्या उभ्या काय तपासू?

कानसवाला

नवीन असशील तर .३०८ पेक्षा ६.५ क्रीडमूर किंवा ७एमएम-०८ घे, धक्का कमी, इथे नेमबाजांचं बरोबर आहे. तपासायचं तर आधी रायफल रिकामी आहे का ते डोळ्यांनी आणि करंगळीने बघ. मग ताईंनी सांगितलं तसं सेफ्टी लावून बोल्ट उघडतो का बघ. नळी आणि स्टॉकमध्ये कागद घालून रिसीव्हरपर्यंत सरकव, मग पुढचा भाग दाबून पुन्हा सरकव, अडकला तर कळेलच. मॅगझिन लावून खालून तळव्याने ठोक आणि मग हिसका दे.

जुना_नेमबाज

आणि जादा मॅगझिन त्याच दिवशी घे. खिट्टी तुटते ती ऐन सीझनमध्येच, आणि तेव्हा दुकानदाराकडे शिल्लक नसतं.