घानाच्या संसदेने फाशी रद्द केली, तरी फाशीची शिक्षा कशी?

आडवाट: घानाच्या संसदेने जुलै २०२३ मध्ये फाशी रद्द करणारी विधेयकं मंजूर केली. मग जानेवारी २०२४ मध्ये अक्राच्या हायकोर्टाने उठावाच्या कटात सहा जणांना फाशी कशी सुनावली? गुन्हा जुना म्हणून? आणि आधीपासून फाशी यार्डात असलेल्यांचं काय?

पोटकलम: गुन्ह्याच्या तारखेचा इथे संबंध नाही. संसदेची दुरुस्ती होती ती साध्या कायद्यांत: १९६० चा फौजदारी कायदा आणि १९६२ चा सैन्यदलांचा कायदा. त्यात खुनाला फाशीऐवजी जन्मठेप. पण राष्ट्रद्रोहाची फाशी बसलीये थेट १९९२ च्या घटनेत, कलम ३(३) मध्ये. बळाने किंवा बेकायदा मार्गाने घटना उलथवणं, स्थगित करणं, तसा नुसता प्रयत्न, त्याला मदत, सगळं त्यात येतं. आणि भाषा 'देता येईल' अशी नाही, दोषी ठरला की मृत्युदंडच. जन्मठेपेचा पर्याय न्यायाधीशांच्या हातात ठेवलेलाच नाही. आपल्याकडे अशी सक्तीची फाशी (भारतीय दंडविधानाचं कलम ३०३) सुप्रीम कोर्टाने १९८३ मध्ये मिठू खटल्यात मोडीत काढली. तिथे ती घटनेतच लिहिलेली, कोर्ट तरी काय करणार?

यामागे इतिहास आहे. १९६६, १९७२, १९७८, १९७९, १९८१ असे एकामागून एक उठाव. जून १९७९ मध्ये तर आचेआम्पाँग, आफ्रिफा आणि आकुफो या तीन माजी राष्ट्रप्रमुखांना गोळ्या घातल्या. मजा अशी, की ही घटना आली १९८१ च्या उठावातून सत्तेवर आलेल्या रॉलिंग्ज यांच्याच राजवटीत, आणि तिच्या शेवटच्या तरतुदींत आधीच्या उठाववाल्यांना खटल्यांपासून कायमचं अभय आहे.

आडवाट: मग घटनादुरुस्ती का करत नाहीत? दोन तृतीयांश बहुमत गोळा करायचं.

तळटीप: तेवढ्याने भागत नाही. कलम ३ 'संरक्षित' कलमांत मोडतं, त्याला कलम २९० ची वाट. मसुदा राजपत्रात छापायचा आणि सहा महिने थांबायचं. राज्य परिषदेचा (अध्यक्षांना सल्ला देणारं मंडळ) सल्ला घ्यायचा, त्यांना ३० दिवस. संसदेत पहिलं वाचन झालं की गाडी थांबते, कारण पुढे देशभर सार्वमत. त्यात किमान ४० टक्के मतदार यायला हवेत आणि आलेल्यांपैकी किमान ७५ टक्के बाजूने. म्हणजे शंभरातले चाळीसच आले तर तीस होकार हवेत. घोडं अडतं ते इथेच: 'उठाव करणाऱ्यांना जीवदान द्या' म्हणून मतं मागत कोणता पक्ष दारोदार फिरेल? मला विचाराल तर हे सार्वमत निवडणुकीच्या दिवशीच उरकलं, तरच ४० टक्क्यांची आशा.

आंतरराष्ट्रीय अडचणही यातूनच येते. मृत्युदंड रद्द करणाऱ्या करारात (नागरी व राजकीय हक्क कराराला जोडलेला दुसरा ऐच्छिक पूरक करार) सूट मिळते ती फक्त युद्धकाळातल्या गंभीर लष्करी गुन्ह्यांपुरती. शांततेतला राष्ट्रद्रोह तिच्यात बसत नाही, म्हणून ही फाशी आहे तोवर घानाला तो करार स्वीकारणं अवघड. गांबियाने उलटं केलं. २०१८ मध्ये करार आधी स्वीकारला, कायदा तसाच ठेवला. परिणामी २०२१ मध्ये बांजुलमध्ये एका माजी मंत्र्याला खुनाबद्दल फाशी सुनावली गेली.

पोटकलम: फाशी यार्डाचं राहिलं. संसदेतल्या २०२३ च्या मतदानाच्या वेळी तिथे १७० पुरुष आणि ६ बायका होत्या, शेवटचा मृत्युदंड मात्र १९९३ मध्ये अमलात आला. कायदा बदलला म्हणून जुना निकाल आपोआप पुसला जात नाही. शिक्षा सौम्य करायचा मार्ग कलम ७२ चा: अध्यक्षांनी राज्य परिषदेशी विचारविनिमय करून.

एक बारकावा सहसा सुटतो. घटनेनुसार फाशीच्या खटल्यात ज्युरीचा कौल एकमुखी लागतो, जन्मठेपेच्या खटल्यात संसद ठरवेल तेवढं बहुमत पुरतं. म्हणजे फाशी गेली, की खुनाच्या आरोपीची एकमताची घटनात्मक ढालही जाते. राष्ट्रद्रोहात ज्युरी नसते, हायकोर्टाचे तीन न्यायाधीश बसतात आणि तिघांचं एकमत लागतं.

आडवाट: त्या सहा जणांनाही कलम ७२ लागू?

पोटकलम: हो, गुन्हा कोणता याची अट नाही. फाशी असेल तर खटला चालवणाऱ्या न्यायाधीशांचा लेखी अहवाल अध्यक्षांकडे जावाच लागतो.