गोठताना तापमान स्थिर का राहते?

प्रश्न: पाणी थंड करत गेल्यास तापमान ० अंश सेल्सिअसपर्यंत उतरते आणि सगळे पाणी गोठेपर्यंत तिथेच थांबते. उष्णता तर बाहेर जातच असते. ती येते कुठून?

उत्तर १: तापमान हे कणांच्या सरासरी गतिज ऊर्जेचे माप आहे. गोठणबिंदूला मात्र रेणू स्फटिकात पक्के बसू लागतात आणि या बांधणीत त्यांची स्थितिज ऊर्जा घटून जी उष्णता सुटते, तीच बाहेर जात असते. पाण्याच्या दर ग्रॅममागे ती सुमारे ३३४ ज्यूल, म्हणजे तेवढेच पाणी ८० अंशांनी थंड करताना जाईल इतकी असते; हा आकडा मला आजही थक्क करतो.

उत्तर २: एक भर घालतो. बर्फात प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांशी हायड्रोजन बंधांनी जोडलेला असतो आणि त्या षट्कोनी जाळीत बरीच जागा मोकळी राहते, म्हणून बहुतेक पदार्थांप्रमाणे आकुंचन न पावता पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. गोठल्यावर कण पूर्ण थांबतात का?

उत्तर १: नाही, ते जागच्या जागी कंप पावत राहतात. निरपेक्ष शून्याजवळही, म्हणजे शक्य असलेल्या सर्वांत कमी तापमानाजवळही, थोडी हालचाल उरतेच. तिच्यामुळेच हेलियम साध्या वातावरणीय दाबाखाली कितीही थंड केला तरी गोठत नाही, त्यासाठी सुमारे २५ पट दाब द्यावा लागतो.