थंडी वाढलीय, सिनेमे बिघडलेत, राजकारण नासलंय... की आपलंच वय झालंय?

शेवटची_रांग

मंडळी, आहात ना सगळे? बरेच दिवस कोणी काही लिहिलं नाही म्हणून म्हटलं आपणच काडी टाकावी. हसू नका पण यंदा मला थंडी जाम वाजतेय, म्हणजे घरातल्या घरात दोन स्वेटर, मोजे, कानटोपी, आणि त्याच खोलीत मुलगी टी-शर्टवर फिरतेय आणि वर विचारते बाबा पंखा लावू का. परवा एक खूप गाजलेला नवा सिनेमा लावला तर अर्धा तास झाला तरी हिरोचं नाव काय तेच कळेना, सगळे आपले तोंडातल्या तोंडात पुटपुटतायत आणि मग एकदम गाडी उडते आणि खिडकीची तावदानं हादरतात. बंद केला. बातम्या लावल्या तर तिथे आठ चौकटीत आठ जण एकाच वेळी ओरडत होते, तेही बंद केलं.

आता गंमत अशी की या तिन्ही तक्रारी माझ्या वडिलांच्या होत्या. पूर्वीसारखे सिनेमे नाहीत, पूर्वीसारखे पुढारी नाहीत, आणि खिडकी लावून घे रे. तेव्हा मी गालातल्या गालात हसायचो. म्हणून विचारतोय, यातलं जगात खरंच किती बदललंय आणि माझ्यात किती? हे वेगळं काढता येतं का? भूगोलवाली, औषधवाला, रिळवाला सगळे आहात इथे तर जरा सांगा. राजकारणावर भांडायचं तर भांडा पण पक्षांची नावं नकोत, मागच्या वेळचं सगळ्यांना आठवतंय.

भूगोलाची_वही

थंडीचं मी सांगते, सोपं आहे, थर्मामीटरला वय नसतं. २०२४ हे मोजमाप सुरू झाल्यापासूनचं सगळ्यात गरम वर्ष ठरलं, १८५० ते १९०० च्या सरासरीपेक्षा साधारण दीड अंश वर. एखादी कडक लाट येते अधूनमधून, ती अजूनही येणार, पण एकूण जगाचा हिशेब मांडला तर आपल्या लहानपणचे हिवाळे आताच्यापेक्षा थंड होते आणि तेव्हा तू हाफ पँटवर सायकल हाणत होतास. म्हणजे या तक्रारीत जग निर्दोष, तू दोषी. पुढचं औषधवाल्याला विचार.

आता विषय निघालाच आहे तर, अजूनही चांगल्या शिकलेल्या माणसांना वाटतं की हिवाळ्यात सूर्य लांब जातो म्हणून थंडी पडते. उलट आहे! जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते, १४ कोटी ७० लाख किलोमीटर, आणि जुलैमध्ये सगळ्यात लांब, १५ कोटी २० लाख. थंडी पडते ती आस साडेतेवीस अंश कलल्यामुळे, ऊन तिरपं येतं आणि दिवस लहान होतो. आणि सगळ्यात लहान दिवस २१-२२ डिसेंबरला असला तरी खरी थंडी त्यानंतर काही आठवड्यांनी, कारण जमीन आणि पाणी सावकाश निवतात. अजून एक, सकाळी फिरायला जाणारे सगळे म्हणतात ना की दिवस मोठा व्हायला लागला म्हणे, पण सकाळी अजून अंधारच, ते बरोबर आहे त्यांचं. सगळ्यात उशिराचा सूर्योदय सगळ्यात लहान दिवशी नसतोच, तो जानेवारीत असतो. वाढलेली मिनिटं आधी संध्याकाळच्या खात्यात पडतात.

गोळ्यांचा_डबा

आलोच. अरे दोषी वगैरे काही नाही, त्याचं शरीरच तसं चालतंय. उष्णता तयार करण्यात मोठा वाटा स्नायूंचा, आणि तिशीनंतर दर दहा वर्षांत ३ ते ८ टक्के स्नायू कमी होत जातात, साठीनंतर वेग अजून वाढतो. भट्टीच लहान झाली तर खोली कशी तापणार. शिवाय कातडीखालची चरबी पातळ होते, आणि थंडी लागली की कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसून आतली ऊब धरून ठेवतात ते कामही वयाबरोबर ढिलं पडतं. म्हणून तू कुडकुडतोस आणि मुलगी पंखा मागते.

पण मला जास्त काळजी वाटते ती कुडकुडणाऱ्यांची नाही, ज्यांना थंडी कळतच नाही त्यांची. वय झालं की बऱ्याच जणांची गार-गरम ओळखायची नजर बोथट होते. काउंटरवर रोज बघतो, आजोबा चिठ्ठी पुढे करतात, बोटांची टोकं खडूसारखी पांढरी पडलेली, नखं निळसर, सुट्टे पैसे बोटांनी धरता येत नाहीत म्हणून तळहातावर ओतून देतात आणि म्हणतात यंदा थंडी कुठेय. शरीराचं तापमान ३५ च्या खाली गेलं की ते गंभीर असतं, आणि त्यासाठी बाहेर बर्फच पडायला पाहिजे असं नाही, गार घरात नुसतं बसूनही होतं म्हाताऱ्या माणसाला. जागतिक आरोग्य संघटनेनं घरात किमान १८ अंश ठेवा असं म्हटलंय ते त्यासाठीच.

आता तुझ्यासाठी. एकाच वर्षात अचानक एवढा फरक पडला असेल तर सगळं वयावर ढकलू नकोस, थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासून घे, यातलं एक जरी कमी असलं तरी थंडी वाजते. बीपीची गोळी चालू आहे का? त्यातल्या काही प्रकारांनी, बीटा ब्लॉकर म्हणतात त्यांनी, हातपाय गार पडतात. मनाने बंद करू नकोस फक्त, डॉक्टरला सांग. हिवाळ्यात बीपी तसंही थोडं चढतंच, वाहिन्या आकसल्यामुळे. आणि लघवीला सारखं जावं लागतं तेही त्यामुळेच, वाहिन्या आकसल्या की मधल्या भागात रक्त जास्त होतं, किडनीला वाटतं पाणी जादा झालं, ती काढून टाकते. लगेच प्रोस्टेट प्रोस्टेट करत घाबरू नका सगळे. पण रात्री पाचपाच वेळा उठावं लागत असेल तर मात्र दाखवा.

रिळवाला

सिनेमाच्या तक्रारीत तुझा निम्मा दोष, निम्मा त्यांचा. आधी तुझा सांगतो. वयाबरोबर पहिल्यांदा जातात ते वरच्या पट्टीतले बारीक आवाज, आणि आपल्या बोलण्यात स, श, फ, त, क हे सगळे तिथेच बसलेत. स्वर ऐकू येतात, व्यंजनं गळतात, म्हणून आवाज येतोय पण शब्द लागत नाहीत असं होतं. आवाज वाढवला की स्फोट पण वाढतो आणि बायको ओरडते.

आता त्यांचा दोष. साउंड मिक्स केलेला असतो मोठ्या थिएटरसाठी, तिथे संवादाला मधोमध वेगळा स्पीकर असतो. तोच आवाज तुझ्या चपट्या टीव्हीत दोन चिमुकल्या स्पीकरमधून येतो आणि ते पण बऱ्याचदा मागे भिंतीकडे तोंड करून. शिवाय पूर्वी नटाला माइकपर्यंत आवाज पोचवायलाच लागायचा, नाटकातून आलेले असायचे, खणखणीत बोलायचे. आता शर्टात बटणाएवढा माइक आणि पुटपुटणं म्हणजे सहज अभिनय. माझ्या भाच्या विशीतल्या आहेत, कान ठणठणीत, त्या पण सबटायटल लावल्याशिवाय काही बघत नाहीत. तेव्हा लाव सबटायटल आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये संवाद मोठे करायचा पर्याय असतो तो शोध.

वेग म्हणशील तर तो वाढलाय, हा भास नाही. हॉलिवूडमध्ये १९३० च्या आसपास एक शॉट सरासरी दहा-बारा सेकंद टिकायचा, आता चार सेकंद पण धड टिकत नाही. चेहरा नीट बघेपर्यंत कॅमेरा दुसरीकडे.

पण "पूर्वीचे सिनेमे चांगले" हे मात्र मी ऐकून घेणार नाही. आयुष्यभर रिळं लावली मी. जुन्यातले जे दहा-वीस चांगले तेवढेच लोकांनी जपले, बाकीची रद्दी मी डोळ्यांनी बघितलीय, रिकाम्या थिएटरमध्ये. शिवाय माणसाला दहा ते तीस या वयातलं सगळ्यात जास्त आठवतं, मानसशास्त्रवाले हे कधीपासून सांगतायत. म्हणजे सोळाव्या वर्षी बघितलेला टुकार सिनेमा पण तुला सोन्याचा वाटणार.

थंडीवरून आठवलं, सिनेमा जन्मला तोच हिवाळ्यात, २८ डिसेंबर १८९५ ला पॅरिसमध्ये ल्युमिए बंधूंनी तिकीट लावून आपला पहिला खेळ केला, दहा फिती, एकेक धड मिनिटभराची नाही. आणि सिनेमातल्या थंडीवर कधीच विश्वास ठेवू नकोस. जुन्या हॉलिवूडमध्ये बर्फ म्हणून पांढरे रंगवलेले कॉर्नफ्लेक्स पसरायचे, त्यावरून चाललं की एवढा कर्रकर्र आवाज की संवाद नंतर वेगळे भरायला लागायचे. कधीकधी तर चक्क अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसं खराब करणारी खनिजाची भुकटी, उडवायचे, नटांच्या नाकातोंडात! मग १९४६ च्या एका सिनेमासाठी आग विझवायचा फेस, साबण, पाणी असं मिसळून गप्प बसणारा बर्फ केला, शूटिंग ऐन उन्हाळ्यात, नट ओव्हरकोटात घामाघूम. मी अजूनही बर्फाचा सीन आला की पहिल्यांदा तोंडाकडे बघतो, वाफ येतेय का. नसेल तर आत हीटर चालू आहे समजायचं.

मागचा_बाक

पक्षांची नावं न घेता राजकारण बोलायचं म्हणजे पाण्यात न उतरता पोहायचं, पण असो, वडीलधारे सांगतायत.

वय झालं की माणूस उजवीकडे, म्हणजे जुन्या वळणाच्या मतांकडे, सरकतो असं सर्रास म्हणतात. मला ते पटत नाही. अमेरिकेत बेनिंग्टन नावाचं मुलींचं कॉलेज होतं, १९३० च्या दशकात तिथे मुली यायच्या त्या बऱ्याचशा श्रीमंत, जुन्या वळणाच्या घरातल्या, आणि शिकवणारे पुरोगामी. थिओडोर न्यूकम नावाचे मानसशास्त्रज्ञ तिथे शिकवायला होते, त्यांनी बघितलं की शिकताशिकता मुलींची मतं पुरोगामी बाजूला बदलत गेली. यात काय विशेष, कॉलेजात सगळेच बदलतात. पण पंचवीसेक वर्षांनी त्याच बायकांना परत गाठलं, मग १९८४ ला परत, तोवर त्या साठी-सत्तरीच्या, आणि बहुतेकींची मतं तिथेच होती जिथे कॉलेज सोडताना होती. न्यूकमचं म्हणणं असं की त्यांनी नवरे, मैत्रिणी, शेजार सगळा आपल्या मताचाच जमवला, मग मत बदलणार कशाने.

आता हेच आपल्याला लावून बघा. आपण वीस वर्षांचे असताना एका खोलीत सहा जणांची सहा मतं होती, रात्रभर भांडायचो आणि सकाळी एकमेकांचे स्वेटर घालून जायचो. आता जो तो आपापल्या मताच्या ग्रुपात बसलाय, मी पण. राजकारण नासलंय की नाही यावर वाद होऊ शकतो, पण चिडचिड वाढलीय त्याचं कारण मला तरी हे वाटतं की विरोधी मताचा माणूस आता फक्त स्क्रीनवर ओरडताना दिसतो, समोर बसलेला नाही. वय इथे निर्दोष. संगत दोषी.

आणि तुला थंडी, वय, सिनेमा, राजकारण एकाच ताटात पाहिजे ना, घे. विल्यम हेन्री हॅरिसन, १८४१, वय ६८, अमेरिकेचे अध्यक्ष झाले. लोक म्हातारा म्हणायचे म्हणून ४ मार्चच्या गारठ्यात कोट नाही टोपी नाही असं उभं राहून पावणेदोन तास भाषण ठोकलं, आणि बरोबर महिन्याने वारले. थंडीनं मारलं असंच पिढ्यान् पिढ्या सांगत आले, पण ते आजारी पडले तेच तीन आठवड्यांनी. २०१४ मध्ये डॉक्टरांनी जुन्या नोंदी परत तपासल्या तर त्यांना संशय आला व्हाइट हाउसजवळच्या गटारमिश्रित पाण्याचा. म्हणजे थंडीवर खोटा आळ, पावणेदोनशे वर्षं!

आणि १९८५ ला रेगन, स्वतः सिनेनट, वय ७३, त्यांचा दुसरा शपथविधी एवढ्या थंडीत आला की बाहेरचा कार्यक्रम रद्द करून इमारतीच्या आत घ्यावा लागला. २०२५ ला ट्रम्प, वय ७८, परत तेच, आत. आपल्याकडे मोरारजी पंतप्रधान झाले तेव्हा ८१ चे होते, आणि तू साठीत कानटोपी घालून रडतोयस.

भूगोलाची_वही

मागचा बाक, बोललास ते पटलं पण एक राहिलं. मागच्या वेळी मी चिडून निघून गेले होते ते मतामुळे नाही, मी जे म्हटलंच नव्हतं ते माझ्या तोंडी घालून तू पाच जणांसमोर त्याला उत्तर देत बसलास म्हणून. समोरासमोर असतो तर तोंड उघडायच्या आत तुला थांबवलं असतं. लिहिण्यात ते होत नाही, तू सोडतोस आणि झोपायला जातोस, मी रात्रभर खवळलेली. म्हणून राजकारण फोनवर किंवा भेटून, इथे नको. बाकी काहीही लिहा.

मागचा_बाक

मान्य. फोन करतो रविवारी, बाई. आवाज मोठा ठेव, आता कळलंय आपली व्यंजनं गळतात ते.

शेवटची_रांग

झकास. म्हणजे थंडी मी, सिनेमा निम्मा मी, राजकारण संगत. थायरॉईडची टेस्ट उद्याच करतो, बीपीची गोळी चालू आहेच, कुठली ते पाकीट बघून डब्याला फोटो पाठवतो.

मग आता एक करूया का, सगळे भेटून थिएटरमध्ये एक सिनेमा बघू. रिळवाला निवडेल, नवाच पाहिजे, त्याला पुरावा द्यायचाय ना. दुपारचा खेळ, ऊन असताना घरी परत. एसी चालू असणार तेव्हा स्वेटर आणा.

गोळ्यांचा_डबा

चालेल. पण कडेची सीट माझी, कारण वर सांगितलंय.

रिळवाला

कडेला दोनच सीट असतात रे आणि आपण पाच जण. वयानुसार ठरवा, मी सगळ्यात मोठा.

भूगोलाची_वही

सहा महिन्यांनी! दाखला आण आधी.