संशोधनाच्या कागदावर सही करावी का? आज संध्याकाळपर्यंत सांगायचंय, प्लीज लवकर

हिंगोलीकर_पोट्टा (धागाकर्ता):
नमस्कार. वेळ नाही म्हणून थोडक्यात लिहितो. मामा संभाजीनगरला ॲडमिट आहेत, ब्रेनचा प्रॉब्लेम. आयसीयूतून वॉर्डात आणलंय. सकाळी एक मॅडम येऊन भलामोठा कागद देऊन गेल्या, म्हणे आमच्या संशोधनात भाग घ्या. संध्याकाळच्या राऊंडला हो का नाही सांगायचंय. मामी रडायल्यात, म्हणायल्यात तू शिकलेला आहेस, तूच वाच अन् तूच सांग. कागदात लिहिलंय की गोळी द्यायची की नाही हे कॉम्प्युटर ठरवणार. मग डॉक्टर कशाला आहेत? सही करावी का नाही, एवढंच सांगा.

गोदाकाठ:
ब्रेनचा प्रॉब्लेम म्हणजे? गाठ, फिट, गुठळी का रक्तस्राव? गोळी कशाची? वय किती? असं मोघम लिहिलं तर कोण काय सांगणार.

जालन्याचा_जावई:
अजिबात करू नका. आपल्या माणसाचा उंदीर करतात हे लोक. खेड्यातला माणूस दिसला की कागद पुढं.

सुमनताई_अंबाजोगाई:
बाळा, आधी हे विचार की साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं होतं का. आमच्या ह्यांना वेळेत मिळालं म्हणून आज स्वतःच्या हातानं जेवतात. बाकी सगळं नंतर.

हिंगोलीकर_पोट्टा:
ताई, इंजेक्शनचं आता काय, मागच्या आठवड्यातलं आहे ते. हॅमरेज आहे. वय 61.

गोळीवाले_काका:
सुमनताई, हॅमरेजमध्ये ते इंजेक्शन द्यायचंच नसतं, रक्तस्राव वाढतो. तोंड वाकडं, हात लुळा हे बाहेरून दोन्हींत सारखंच दिसतं, म्हणून तर आधी सिटी स्कॅन करतात. 35 वर्षं मेडिकल चालवलंय, लोक येऊन सरळ 'लकव्याचं इंजेक्शन द्या' म्हणायचे.

सुमनताई_अंबाजोगाई:
मी स्ट्रोकबद्दल बोलत होते, हॅमरेजबद्दल नाही.

गोळीवाले_काका:
हॅमरेज हाही स्ट्रोकच असतो ताई. गुठळीनं नळी तुंबली तरी स्ट्रोक, नळी फुटली तरी स्ट्रोक.

बाळ्या_उदगीर:
दादा, दवाखान्यात पैसे घालू नका. आमच्याकडून कर्नाटकात शिरलं की एक गाव आहे, तिथं लकव्याचं औषध पाजतात. पथ्य कडक आहे पण माणूस चालत येतो. आमच्या शेजारच्या काकूंना गुण आला. व्यनि करा, पत्ता देतो.

ज्वारीची_भाकर:
बाळ्याभाऊ, थोडी ताकद आपोआपही परत येते, मग नाव त्या गावाचं होतं. आमच्याकडं कबुतराचं रक्त चोळतात. त्यात कबूतर जातं, बाकी काही होत नाही.

योजनादूत_परभणी:
जन आरोग्य योजनेत बसवलं का? रेशनकार्ड, आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा.

हिंगोलीकर_पोट्टा:
योजनेत आहेत. मी ते विचारलंच नाही. सही करू का नको??

मनोहर_के:
मला तर वेगळंच कळेना. रक्त सांडलंय तर ऑपरेशन करून काढत का नाहीत? आठवडाभर नुसतं बघत बसलेत आणि वरून संशोधन. दुसरीकडं हलवा.

नांदेडची_कोऑर्डिनेटर:
मी पुण्यात अशाच संशोधनाच्या कामावर आहे, माहेर नांदेड.

मनोहरजी, सगळ्यांना ऑपरेशन करूनच बघितलंय आधी. 2005 मध्ये स्टिच नावाची चाचणी छापून आली, 1033 रुग्णांची. लवकर ऑपरेशन केलेले आणि आधी औषधांवर ठेवलेले, यांच्यात एकूण फरक दिसला नाही. म्हणून प्रत्येकाचं डोकं उघडत नाहीत. रक्त कुठं साचलंय, किती साचलंय, माणूस शुद्धीवर किती आहे यावर ठरतं. 2024 मध्ये एनरिच आली, त्यात मेंदूच्या पृष्ठभागाजवळच्या रक्तस्रावात छोट्या छिद्रातून 24 तासांत रक्त काढलेल्यांना फायदा झाला. पण तो सगळ्यांना लागू नाही.

धागाकर्ते, गोळी कुठली हे तुम्ही अजून सांगितलेलं नाही. त्याशिवाय हो-नाही सांगणं म्हणजे अंदाजपंचे.

हिंगोलीकर_पोट्टा:
गोळी म्हणजे रक्त पातळ करायची, इकोस्प्रिनच. मामा ती घेतच होते. सगळे म्हणायलेत त्यानंच हॅमरेज झालं. आणि आता हे म्हणायलेत, परत चालू करायची का नाही ते कॉम्प्युटर ठरवणार. म्हणून तर विचारायलोय ना!

गोदाकाठ:
हे पहिल्या ओळीत यायला पाहिजे होतं.

जालन्याचा_जावई:
बघा! ज्यानं रक्त सांडलं तीच गोळी परत. मी काय म्हणत होतो?

नांदेडची_कोऑर्डिनेटर:
जावईबापू, थांबा. हा प्रश्न जगभरच्या डॉक्टरांना पडलेला आहे. गोळी दिली तर मेंदूत पुन्हा रक्तस्रावाची भीती. नाही दिली तर हृदयात किंवा मेंदूत गुठळीची. 2019 मध्ये ब्रिटनमधली रिस्टार्ट नावाची चाचणी आली, 537 रुग्ण. सगळे रक्त पातळ करायची औषधं घेत असताना हॅमरेज झालेले. निम्म्यांना गोळी चालू, निम्म्यांना बंद. पुन्हा रक्तस्राव झाला तो गोळी चालू असलेल्यांत 12 जणांना, बंद असलेल्यांत 23 जणांना. म्हणजे भीती होती त्याच्या उलट.

गोळीवाले_काका:
अर्धंच सांगताय मॅडम. त्याच लोकांचा पुढचा पाठपुरावा 2021 ला आला, त्यात 22 विरुद्ध 25. फरक उरलाच नाही.

नांदेडची_कोऑर्डिनेटर:
बरोबर, काका. म्हणून गोळीनं रक्तस्राव टळतो असं मी म्हणणार नाही. वाढलेला दिसला नाही, इतकंच. आकडाही लहान आहे, आणि त्यासाठीच पुढच्या चाचण्या लागतात.

कॉम्प्युटर ठरवतो म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखं. डॉक्टरांनी निवडलं तर ठणठणीत दिसणाऱ्याला गोळी देतील, नाजूक दिसणाऱ्याला देणार नाहीत, आणि शेवटी गोळीनं फरक पडला का तब्येतीनं, हे कळणार नाही. पण चिठ्ठी कधी टाकायची? डॉक्टरांना खरोखरच दोन्ही बाजू सारख्या वाटत असतील तेव्हाच.

जालन्याचा_जावई:
चिठ्ठी टाकून माणसं बरी करायलेत. धन्य आहे.

ज्वारीची_भाकर:
न टाकता अंदाजानं करत होतेच की इतकी वर्षं. गोळी घेणाऱ्याला हॅमरेज झालं की प्लेटलेटच्या पिशव्या चढवायचे, वाटायचं रक्त थांबेल. 2016 च्या पॅच चाचणीत उलटं निघालं, पिशव्या दिलेल्यांचे हाल जास्त. माझ्या काकांनाही चढवल्या होत्या.

मनोहर_के:
हे सगळं परदेशातलं. आपल्या लोकांवर काय केलंय कधी?

नांदेडची_कोऑर्डिनेटर:
2023 ची इंटरॅक्ट-3 बघा. 10 देश, त्यात भारत होता, 7000 हून जास्त रुग्ण. हॅमरेजवर उपचार सुरू केल्यापासून तासाभरात वरचं बीपी 140 च्या खाली आणायचं, साखर आणि ताप सांभाळायचा, वॉरफरिन (रक्त पातळ करायचं औषध) चालू असेल तर त्याचा परिणाम उतरवायचा. नवं औषध एकही नाही, तरी रुग्णांची अवस्था सुधारली.

मनोहर_के:
तासाभरात म्हणे. आमच्या तालुक्यावरून सिटी स्कॅनपर्यंत पोचायलाच किती लागतो ते येऊन बघा. 108 आली तरी रस्ता आहे का धड?

योजनादूत_परभणी:
रस्त्याचा वेगळा धागा काढा. केशरी कार्ड असेल तर सांगा, मी माहिती देतो.

गोदाकाठ:
धागाकर्ते, दोन गोष्टी. मामा शुद्धीवर आहेत का? आणि सही नेमकी कोण करणार, तुम्ही का मामी?

हिंगोलीकर_पोट्टा:
शुद्धीवर आहेत, बोलतात, आत्ताच चहा मागितला. डावा हात अन् पाय हलत नाही फक्त. सही मीच करणार ना, मामींना वाचता येत नाही.

गोदाकाठ:
अहो मग सही मामांची! माणसाला समजतंय, बोलता येतंय, उजवा हात चालतोय. त्यांना कोणी विचारलं का?

नांदेडची_कोऑर्डिनेटर:
शंभर टक्के. रुग्णाला समजत असेल तर संमती त्याचीच. नसेल समजत तर कायदेशीर प्रतिनिधी, म्हणजे आधी मामी. वाचता न येणाऱ्याला पूर्ण वाचून दाखवायचं, शेजारी संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार बसवायचा. भाच्यानं परस्पर सही करायची नाही. मराठीतलाच कागद मागा. त्यावर सीटीआरआयचा, म्हणजे अशा चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक असेल, 2009 पासून ती नोंद सक्तीची आहे. संशोधनावर लक्ष ठेवणाऱ्या एथिक्स कमिटीचा फोन असेल. काही इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार, ते पान वाचा. नाही म्हटलं तरी नेहमीचा उपचार बंद करता येत नाही, आणि हो म्हणून नंतरही बाहेर पडता येतं.

पण त्याच्याही आधी एक विचारते. मामांना इकोस्प्रिन कशासाठी चालू होती? नुसतीच, का हृदयाचं काही झालं होतं?

हिंगोलीकर_पोट्टा:
हृदयाच्या नळीत स्टेंट (जाळी) टाकलाय ना. दिवाळीच्या आधी, अटॅक आल्यावर. इकोस्प्रिनबरोबर अजून एक गोळी होती, क्लोपि-काहीतरी.

गोळीवाले_काका:
अरे देवा. क्लोपिडोग्रेल, तीही रक्त पातळ करायचीच. आत्ता पाडवा यायलाय, म्हणजे सहा महिनेसुद्धा झाले नाहीत.

नांदेडची_कोऑर्डिनेटर:
हे वॉर्डातल्या डॉक्टरांना माहीत आहे का? अटॅकनंतर टाकलेल्या स्टेंटला या दोन गोळ्या सहसा वर्षभर चालवतात. इतक्या ताज्या स्टेंटमध्ये गोळ्या बंद राहिल्या तर आत गुठळी होऊन पुन्हा अटॅक येऊ शकतो. म्हणजे इथं दोन्ही बाजू सारख्या असतीलच असं नाही, मामा या चाचणीत बसतात का हाच प्रश्न आहे. हृदयाचे आणि मेंदूचे डॉक्टर मिळून ठरवतील, कोणती गोळी, कधीपासून. सहीचं मग बघा. स्टेंटची फाईल कुठं आहे?

हिंगोलीकर_पोट्टा:
फाईल घरी, कपाटात. इथं विचारलं तेव्हा मामींनी 'हार्टची गोळी चालू आहे' एवढंच सांगितलं होतं. मामेभावाला फोटो काढून पाठवायला लावतो.

जालन्याचा_जावई:
म्हणजे सही नकोच. मी पहिल्यापासून तेच सांगायलो.

ज्वारीची_भाकर:
तुम्ही उंदीर म्हणत होतात, जावईबापू. स्टेंट तुमच्याही डोक्यात नव्हता.

हिंगोलीकर_पोट्टा:
राऊंड झाली. फाईलचे फोटो दाखवले. मोठे डॉक्टर म्हणाले कागद बाजूला ठेवा, यांना संशोधनात घेता येईल असं वाटत नाही, उद्या हार्टवाले येऊन बघतील. मॅडमनी पण काही आग्रह केला नाही. मामांना विचारलं तर म्हणाले, मला कोणी विचारलंच नाही, मी तर हो म्हणणार होतो. सगळ्यांचे आभार.

नांदेडची_कोऑर्डिनेटर:
छान झालं. घरी गेल्यावर बीपी रोज मोजून वहीत लिहा. पुन्हा हॅमरेज टाळायचं तर सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच.

हिंगोलीकर_पोट्टा:
बीपीची गोळी तर मामांनी संक्रांतीपासून बंदच केली होती, डोकं दुखत नाही म्हणून.

गोदाकाठ:
आणि हे डॉक्टरांना सांगितलंय?